आभासी यंत्राची मंदगति : कारणें व उपाय

एका संगणकाच्या पोटांत दुसरा संगणक चालवितां येतो, ही गोष्ट प्रथम ऐकणारास नवलाची वाटते. परंतु वरच्या वर्गांतील पुष्कळ विद्यार्थ्यांच्या ती आतां चांगली परिचयाची झाली आहे. घरीं विंडोज असलेला एकच संगणक असतो. मुलास लिनक्स शिकावयाचें असतें. आणि वडिलांच्या कामाचा संगणक पुसून टाकून त्यावर नवी व्यवस्था बसविणें तर शक्य नसतें. अशा वेळीं विद्यार्थी व्हर्च्युअलबॉक्ससारखी एखादी आज्ञावली घेतो व तिच्या साहाय्यानें विंडोजच्या आंतच एक निराळा संगणक उभा करितो. ह्यालाच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी यंत्र, असें म्हणतात.

येथपर्यंत सर्व सुरळीत होतें. पुढें यंत्र सुरू केलें म्हणजे मात्र अडचण येते. दर्शक जागचा हलत नाहीं, एक खिडकी उघडावयास कांहीं मिनिटें लागतात, आणि त्याच वेळीं बाहेरचें विंडोजहि गारठून बसतें. मुलगा निराश होतो व “आपला संगणक जुना झाला, आतां नवा घ्या” असा हट्ट धरितो. वडिलांस त्या विषयाची माहिती नसते. ते एक तर तो अभ्यासच बंद करावयास सांगतात, नाहीं तर पोटाला चिमटा घेऊन हप्त्यानें नवा संगणक आणतात. हीं दोन्हीं टोकें टळावीं, ह्या हेतूनें हा लेख लिहिला आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, आभासी यंत्र स्वभावतः मंद नसतें. तें फारच मंद चालत असेल तर त्यास कांहीं निश्चित कारण असतें, तें शोधतां येतें, आणि पुष्कळदां एक पैहि न खर्चितां तें दूर करितां येतें.

आभासी यंत्राची कल्पना कालपरवांची नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत संगणक म्हणजे दालन भरून टाकणारें व अतिशय महाग असें यंत्र होतें. अमेरिकेंतील केंब्रिज येथें आयबीएम कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं असा विचार केला कीं, एकच यंत्र जर अनेकांनीं वापरावयाचें आहे, तर प्रत्येकास स्वतंत्र यंत्र मिळाल्याचा भास कां निर्माण करूं नये? ह्या विचारांतून १९६७ सालीं सीपी-४० नांवाची व्यवस्था चालू झाली. तिचाच पुढें विकास होऊन १९७२ सालीं त्या कंपनीनें व्हीएम-३७० ही व्यवस्था जाहीर केली. घरगुती संगणकावर हेंच काम करणारी व्हीएमवेअर वर्कस्टेशन ही आज्ञावली १९९९ सालीं, व व्हर्च्युअलबॉक्स ही २००७ सालीं प्रसिद्ध झाली.

ह्या यंत्राचीं लक्षणें १९७४ सालीं जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग ह्या दोघां विद्वानांनीं शास्त्रीय रीतीनें मांडलीं. त्यांच्या तीन अटी होत्या. पहिली अशी कीं, आंत चालणाऱ्या आज्ञावलीस आपण खऱ्या यंत्रावरच आहों असें वाटावें. दुसरी अशी कीं, साधनसामग्रीवरील ताबा नेहमीं देखरेख करणाऱ्या व्यवस्थेकडेच राहावा. तिसरी आपल्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची : आंतील बहुतेक आज्ञा खऱ्या प्रोसेसरनें प्रत्यक्ष पार पाडाव्या, मध्यें कोणी दुभाषा नसावा. इंटेल कंपनीनें २००५ सालीं व एएमडी कंपनीनें २००६ सालीं आपल्या घरगुती प्रोसेसरांत ह्याच कामाची खास सोय केली. तेव्हांपासून साधी आंकडेमोड आभासी यंत्रांत जवळजवळ खऱ्या यंत्राच्याच वेगानें होऊं शकते. ह्यावरून विचारी वाचकाच्या ध्यानांत येईल कीं, थोडासा विलंब साहजिक आहे. परंतु दहापट विलंब हा रोग आहे, आणि रोगाचें निदान झालें पाहिजे.

निदान करण्यापूर्वीं एक गोष्ट मनांत पक्की असावी. इंग्रजींत ज्यांस होस्ट व गेस्ट म्हणतात, त्यांस आपण यजमान व पाहुणा म्हणूं. बाहेरचें विंडोज हा यजमान. आंतील लिनक्स हा पाहुणा. पाहुणा येतांना आपल्याबरोबर शिधा आणीत नाहीं. त्यास जी मेमरी, जो प्रोसेसर व जी डिस्क मिळते, ती सर्व यजमानाच्याच घरांतली असते. चौघांच्या स्वयंपाकांत पांचवें पान वाढतां येतें. परंतु पाहुण्यापुढें सगळें पातेलें ठेवून दिलें तर घरचीं माणसें उपाशीं राहतात, आणि उपाशीं घरांत पाहुण्याचीहि वास्तपुस्त होत नाहीं.

आतां निदानाचा मार्ग पाहूं. प्रथम पाहुण्यास सुरूच न करितां यजमानाची प्रकृति तपासावी. नुसतें विंडोजच जर मंद चालत असेल, तर दोष आभासी यंत्राचा नव्हे. यजमान ठीक असल्यास कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबाव्या, म्हणजे टास्क मॅनेजर उघडेल. त्यांतील परफॉर्मन्स ह्या भागांत प्रोसेसर, मेमरी व डिस्क ह्यांचे आलेख स्वतंत्र दिसतात. मग पाहुण्यास सुरू करावें आणि तो मंद झाला म्हणजे त्या तीन आलेखांपैकीं कोणता माथ्याला टेकला आहे हें पाहावें. वैद्य जसा नाडी पाहिल्यावांचून औषध देत नाहीं, तसें हे आलेख पाहिल्यावांचून एकहि फेरबदल करूं नये.

मेमरीचा आलेख माथ्याला टेकला असेल, तर पाहुण्यास द्यावयाच्या मेमरीचा हिशेब चुकला आहे असें समजावें. घरगुती संगणकावर हें कारण वारंवार आढळतें. समजा, संगणकांत ८ जीबी मेमरी आहे. विंडोज ११ ला कमींत कमी ४ जीबी लागते, असें तिच्या कर्त्यांचेंच सांगणें आहे. उबुंटूच्या २४.०४ ह्या आवृत्तीच्या नेहमींच्या रूपाकरितां ४ जीबीची शिफारस आहे. बेरीज आठ झाली. ब्राउझरकरितां कांहींच उरलें नाहीं. आणि विद्यार्थी उत्साहाच्या भरांत पाहुण्यास ६ जीबी देऊन बसतो! मग यजमान काय करितो? मेमरींत न मावणारा मजकूर तो डिस्कवर नेऊन ठेवितो व लागेल तेव्हां परत आणतो. ह्या ने-आणींतच सारा वेळ जातो.

हा वेळ किती, हें साध्या गणितानें समजतें. लहान संगणकांतील जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क पुष्कळदां मिनिटास ५,४०० फेरे घेते. म्हणजे सेकंदास ९०, व एका फेऱ्यास सुमारें ११ मिलिसेकंद. हवी ती जागा सरासरीनें अर्ध्या फेऱ्यानें समोर येते, त्यास साडेपांच मिलिसेकंद लागतात. त्यापूर्वीं वाचणारा दांडा योग्य वर्तुळावर सरकावा लागतो, त्यास साधारण आणखी दहा. अशा रीतीनें एका मागणीस पंधराएक मिलिसेकंद खर्ची पडतात. मेमरींतून तीच माहिती मिळण्यास एका सेकंदाचा सुमारें एक कोटीवा भाग पुरतो. भागाकार केल्यास दोहोंतील अंतर दीड लाखपटीचें निघतें. मेमरी अपुरी पडली म्हणजे संगणक थोडासा मंद न होतां एकदम कां गारठतो, ह्याचें उत्तर ह्या भागाकारांत आहे.

उपाय उघड आहे. ८ जीबीच्या संगणकावर पाहुण्यास २ ते ३ जीबी द्यावी, तो चालू असतांना ब्राउझरचीं अनावश्यक पानें मिटावीं, आणि पाहुणाच अल्पाहारी निवडावा. उबुंटूच्याच कुळांतील लुबुंटू ही आवृत्ति २ जीबींतहि साध्या कामापुरती चालते. आणि ज्यास केवळ आज्ञा टंकून लिनक्स शिकावयाचें आहे, त्यानें चित्रमय रूप मुळींच न घेतल्यास ह्याहूनहि कमी मेमरी पुरते. व्हर्च्युअलबॉक्समध्यें मेमरी ठरविण्याच्या पट्टीवर हिरवा व तांबडा असे भाग दाखविलेले असतात. तांबड्या भागांत पाऊल टाकूं नये. मात्र कंजूषपणाहि अति करूं नये. पाहुण्याची मेमरी फार थोडी असली तर तीच ने-आण त्याच्या घरांत सुरू होते. लिनक्समध्यें फ्री ही आज्ञा दिली असतां स्वॅप ह्या ओळींत किती मजकूर डिस्कवर गेला आहे तें दिसतें. तो आंकडा मोठा असून वाढत चालला असेल तर पाहुण्यास थोडें अधिक वाढावें.

मेमरी मुबलक असून डिस्कचाच आलेख शंभर टक्क्यांवर चिकटला असेल, तर कारण निराळें. वर सांगितलेली हार्ड डिस्क सेकंदांत साठसत्तर फुटकळ मागण्याच पुरवूं शकते. आणि आतां यजमान व पाहुणा असे दोघेहि एकाच दांड्याकडे एकदम मागणी करीत असतात. एसएसडी ह्या नव्या पद्धतीच्या डिस्कमध्यें फिरणारा भाग नसल्यामुळें ती सेकंदांत हजारों मागण्या सहज पुरविते. म्हणून संगणकांत दोन्हीं प्रकारच्या डिस्का असल्यास पाहुण्याची फाइल एसएसडीवर ठेवावी. ती पेनड्राइव्हवर तर कधींच ठेवूं नये. डिस्क गळ्यापर्यंत भरूं देऊं नये. स्नॅपशॉट, म्हणजे यंत्राच्या स्थितीच्या जपून ठेवलेल्या प्रति, फार सांचल्या तर एका वाचनासाठीं अनेक फाइली धुंडाळाव्या लागतात. जुन्या प्रति व्हर्च्युअलबॉक्समधूनच काढून टाकाव्या, त्यांच्या फाइली हातानें पुसूं नयेत, नाहीं तर यंत्रच निकामी होईल. तसेंच नव्यानें बसविलेला पाहुणा पहिल्या दिवशीं आपल्या सुधारणा उतरवून घेत असतो. तेवढा वेळ त्यास शांतपणें काम करूं द्यावें व मगच त्याच्या वेगाविषयीं मत बनवावें.

प्रोसेसरच्या बाबतींत मुलांची समजूत अशी असते कीं, जितके कोर अधिक दिले तितका वेग अधिक. हें खरें नव्हे. संगणकांत चार खरे कोर असतां चारहि पाहुण्यास दिले, तर यजमानास स्वतःच्या कामासाठीं त्यांतलाच एखादा वारंवार काढून घ्यावा लागतो, आणि पाहुण्याचें एक काम दुसऱ्याची वाट पाहत उभें राहतें. चारांपैकीं दोन द्यावे, हें प्रमाण घरगुती कामास योग्य होय. एकच दिला तर चित्रमय रूप अडखळतें.

ह्याच्याशीं लागून आणखी एक गोष्ट आहे. प्रोसेसरमधील जी खास सोय वर सांगितली, ती कांहीं संगणकांत कारखान्यांतूनच बंद ठेवलेली असते. टास्क मॅनेजरमध्यें प्रोसेसरच्या आलेखाखालीं व्हर्च्युअलायझेशन ह्या शब्दापुढें ती चालू आहे कीं बंद, हें लिहिलेलें असतें. बंद असल्यास संगणक सुरू होतांना बायोसमध्यें जाऊन ती चालू करावी. इंटेलच्या यंत्रांत तिचें नांव व्हीटी-एक्स, व एएमडीच्या यंत्रांत बहुधा एसव्हीएम असें असतें. व्हर्च्युअलबॉक्सच्या २०१९ सालीं निघालेल्या ६.१ ह्या आवृत्तीपासून ह्या सोयीवांचून पाहुणा सुरूच होत नाहीं. सबब हा दोष चटकन् लक्षांत येतो.

परंतु दुसरा एक दोष लपून बसतो. सोय चालू असूनहि ती विंडोजनें स्वतःच्या हायपर-व्ही नांवाच्या व्यवस्थेकरितां अडवून ठेवलेली असते. अशा वेळीं व्हर्च्युअलबॉक्सला तिच्यामार्फत काम करून घ्यावें लागतें व वेग घटतो. ह्याची खूण मोठी मौजेची आहे : पाहुण्याच्या खिडकीच्या खालच्या पट्टींत हिरव्या कासवाचें चित्र दिसतें. गोष्टींतील कासवानें शर्यत जिंकली खरी. परंतु हें कासव दिसलें म्हणजे शर्यत हरली असेंच समजावें. हायपर-व्ही ही विंडोज फीचर्स ह्या यादींतून, व मेमरी इंटेग्रिटी ही तिच्यावर अवलंबणारी सोय विंडोज सिक्युरिटींतील कोअर आयसोलेशन ह्या भागांतून बंद करितां येते. परंतु विद्यार्थ्यांस आमचें स्पष्ट सांगणें आहे कीं, मेमरी इंटेग्रिटी ही संगणकाच्या रक्षणाची सोय आहे. ज्या संगणकावरून घरचे बँकेचे व्यवहार होतात, तेथें ती वडिलांस विचारल्यावांचून बंद करूं नये. थोडा वेग गेला तरी चालेल, पण घराच्या दाराची कडी काढून वेग मिळवूं नये.

कित्येकदां तिन्हीं आलेख शांत असतात, तरीहि दर्शक अडखळतो व खिडक्या ओढल्यासारख्या सरकतात. हा दोष चित्र रंगविण्याचा असतो. पाहुण्यास पडद्याच्या खऱ्या उपकरणाशीं बोलतां येत नाहीं, म्हणून तो प्रत्येक चित्र प्रोसेसरकडून काढवितो. गेस्ट ॲडिशन्स नांवाची पूरक आज्ञावली पाहुण्याच्या आंत बसविली, आणि डिस्प्ले ह्या भागांत व्हिडिओ मेमरी १२८ एमबीपर्यंत वाढविली, तर बहुधा हा दोष जातो. हा उपाय सोपा असून विद्यार्थी तोच विसरतात.

लॅपटॉपविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. बॅटरीवर चालतांना लॅपटॉप शक्ति वांचविण्यासाठीं आपला वेग आपणच कमी करितो. म्हणून परीक्षा नेहमीं विजेच्या जोडणीवर घ्यावी. तसेंच प्रोसेसर फार तापला तर तो स्वतःच्या रक्षणार्थ मंदावतो. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवल्यास त्याचीं हवेचीं भोकें बुजतात. वर्षानुवर्षांची धूळहि तेंच करिते. यंत्र आरंभीं चपळ असून दहापंधरा मिनिटांनीं मंद होत असेल, तर प्रथम त्याच्या पाठीस हात लावून पाहावा.

आतां एक अपवाद. १९७४ सालची जी तिसरी अट सांगितली, ती जेथें पाळतांच येत नाहीं, तेथें मंदगति अटळ असते. ॲपल कंपनीनें २०२० पासून आपल्या संगणकांत निराळ्या जातीचे प्रोसेसर घालण्यास आरंभ केला. त्यांची आज्ञांची भाषा इंटेलच्या भाषेहून वेगळी आहे. अशा संगणकावर इंटेलसाठीं लिहिलेला संपूर्ण पाहुणा चालवावयाचा झाल्यास प्रत्येक आज्ञेचें भाषांतर करावें लागतें, व येथें मात्र दुभाषा मध्यें येतोच. येथें मेमरी वाढवून कांहीं होत नाहीं. त्या प्रोसेसरच्या भाषेंतील, म्हणजे आर्म जातीची, लिनक्सची आवृत्ति घेणें हाच खरा उपाय.

इतकीं कारणें वाचून विद्यार्थ्यानें सर्व उपाय एकाच रात्रीं करूं नयेत. एक वही करावी. तींत आरंभीं पाहुणा सुरू होण्यास घड्याळाप्रमाणें किती वेळ लागतो, तें तीनदां मोजून लिहावें. नंतर एकच फेरबदल करावा व पुन्हां तीनदां मोजावें. फरक पडला तर तो ठेवावा, न पडला तर पूर्ववत् करून पुढच्या कारणाकडे वळावें. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कोणत्या औषधानें आला हें कळत नाहीं. प्रयोगशाळेंत जो नियम, तोच येथें. आणि अशी वही जो पुरी करील त्यास लिनक्सपेक्षांहि मोलाची विद्या प्राप्त झाली असें आम्ही समजूं.

पालकांस शेवटीं एक विनंति आहे. मुलानें नवा संगणक मागितला तर त्यास लगेच होकार देऊं नये आणि रागेंहि भरूं नये. त्याच्याजवळ ही वही मागावी. वहींत मेमरीचा आंकडा पुन्हां पुन्हां माथ्याला टेकलेला दिसला, तर पुष्कळ संगणकांत मेमरीची एक पट्टी वाढवितां येते. कांहीं लॅपटॉपांत ती कायमची जडविलेली असते, म्हणून दुकानांत आधीं चौकशी करावी. डिस्क हेंच कारण ठरलें, तर हार्ड डिस्कच्या जागीं एसएसडी बसवावी. जुना संगणक त्यानें पुष्कळदां तरतरीत होतो. दोहोंपैकीं एकहि खर्च साधारणतः नव्या संगणकाइतका नसतो. आणि वहींतील साऱ्या उपायांनीं, पैशावांचूनच, काम भागलें तर फारच उत्तम. बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्चाचा अदमास घेणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायांत आहे. विद्यार्थ्यानें यंत्र उभारण्यापूर्वीं मेमरीचा व पालकानें पैसा काढण्यापूर्वीं कारणांचा असा हिशेब केला, तर अंथरूण पाहून पाय पसरण्याचा आपल्या वडीलधाऱ्यांचा नियम संगणकासहि लागू पडतो, ह्याचा प्रत्यय दोघांसहि येईल.